शाळेचा लोड: मीटरचा हिशेब वेगळा, मागच्या इमारतीच्या केबलचा वेगळा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पाच खोल्यांची जुनी इमारत आणि ऑफिस, त्याला सिंगल फेज मीटर. मैदानापलीकडे, मीटरपासून साधारण ८० मीटरवर, चार खोल्यांची नवी इमारत झाली. तिच्यात तीन वर्ग, प्रत्येकात डिजिटल पॅनल, चौथ्या खोलीत १५ कॉम्प्युटरची लॅब आणि देणगीतून आलेला दीड टनाचा एसी. बोअरवर २ एचपीची सिंगल फेज मोटर. वायरिंगवाल्यानं ३० किलोवॅटचा लोड लिहून दिला. तुमच्या भाच्यानं अमेरिकन नियमावलीतला शाळांचा तक्ता शोधून सांगितलं, की शाळेचा लोड पूर्ण धरायची गरज नसते, वरचा भाग ७५ टक्केच धरतात. तुमचं विचारणं एवढंच, की खरं कोणाचं आणि अर्जात आकडा कोणता लिहायचा.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात बावीस वर्षं शाळा, आश्रमशाळा आणि जिनिंगची कामं केली. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. महावितरणकडून किती लोड मंजूर करून घ्यायचा, हा एक. मीटरपासून नव्या इमारतीपर्यंत केबल किती जाडीची टाकायची, हा दुसरा. दोन्हींचा हिशेब एकाच बेरजेतून काढला की फसगत होते. पहिल्यात आकडा फुगतो आणि दुसऱ्यात केबल बारीक पडते. दोन्ही प्रकार मी एकाच शाळेत पाहिले आहेत.

काही गोष्टी जागेवर पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. तुमची शाळा गावठाण फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाईनवर) आहे की शेतीच्या फीडरवर, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) ६३ केव्हीएची आहे की १०० ची आणि तिच्यावर आधीच किती भार आहे, शाळेच्या पोलवर थ्री फेज आलेलं आहे का, हे लाईनमनला विचारून घ्या. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसातून ठरावीक तासच मिळतं, त्यामुळे तिथून जोडणी घेतली तर लॅबचा काही उपयोग नाही. खाली जे आकडे देतो ते तुम्ही लिहिलेल्या सामानावरून काढले आहेत.

आधी ३० किलोवॅट कुठून आले ते पाहू. मी तुमची यादी घेऊन उलटी बेरीज केली. कॉम्प्युटरच्या डब्यात आत जो पॉवर सप्लाय असतो त्याच्यावर ४५०-५०० वॅट छापलेलं असतं. पंधरा गुणिले पाचशे म्हणजे साडेसात किलोवॅट तिथंच झाले. १६ अँपिअरचे चार सॉकेट आहेत, प्रत्येकी ३ किलोवॅट धरले तर बारा. साडेएकोणीस इथेच झाले, उरलेलं सगळं सामान मिळून दहाच्या आसपास. वायरिंगवाल्यानं खोटं काही लिहिलं नाही, मात्र ती वस्तूंची कमाल क्षमता आहे, वापर नव्हे. पॉवर सप्लायवरचा आकडा ‘एवढं देऊ शकतो’ असं सांगतो. साधा शाळेतला कॉम्प्युटर मॉनिटरसकट मी क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) मोजतो तेव्हा १०० ते १२० वॅटच्या पुढे क्वचितच जातो. सॉकेटसाठी आपल्याकडे ६ अँपिअरला १०० वॅट आणि १६ अँपिअरला १००० वॅट धरायची रीत आहे, तीच शाळेला पुरते.

आता तुमची यादी नीट मांडतो. जुन्या पाच खोल्यांत प्रत्येकी चार एलईडी ट्यूब आणि तीन जुने पंखे. ट्यूब २० वॅटची, जुना पंखा ७५ वॅटचा. खोलीमागे ३०५ वॅट, पाच खोल्यांचे दीड किलोवॅट. ऑफिसात दिवे, पंखे, एक कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर मिळून पाऊण. खिचडीच्या शेडमध्ये दिवे-पंखा आणि मिक्सर धरून ८५० वॅट. व्हरांडा, स्वच्छतागृहं आणि बाहेरचे दोन दिवे पाव किलोवॅट. जुन्या बाजूचे झाले साधारण ३.४ किलोवॅट. नव्या तीन वर्गांत पंखे कमी विजेचे आहेत, ३०-३२ वॅटवाले. ट्यूब, पंखे आणि पॅनल मिळून खोलीमागे ४६० वॅट, शिवाय एकेक कुलर २०० वॅटचा. तिन्ही खोल्यांचे जवळपास २ किलोवॅट. लॅबमध्ये कॉम्प्युटरचे १.८, दिवे-पंख्यांचे पाव, युपीएसच्या चार्जिंगसाठी ०.४ आणि एसीचे १.७, म्हणजे ४.१५. नव्या इमारतीचे एकूण ६.१. मोटर २ एचपीची असली तरी दीड किलोवॅटवर भागत नाही. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट खरं, पण ती मोटरनं दिलेली ताकद. लाईनवरून ती त्याहून जास्त ओढते, म्हणून २.२ धरा. पाण्याच्या कुलरचे ०.६. झाले १२.३. वरच्या रीतीनं सॉकेटचे सहा किलोवॅट मिळवले की १८.३ किलोवॅट. हा जोडलेला भार, म्हणजे बसवलेल्या सगळ्या सामानाची बेरीज. तीसच्या ठिकाणी अठरा.

आता भाच्याच्या तक्त्याकडे येतो. मुलानं शोधलंय ते खरं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत शाळांसाठी अशी पर्यायी पद्धत आहे. इमारतीचं क्षेत्रफळ काढायचं, एकूण जोडलेल्या भाराला त्यानं भागायचं. दर चौरस मीटरला पहिले ३३ व्होल्ट-अँपिअर पूर्ण धरायचे, ३३ ते २२० पर्यंतचा भाग ७५ टक्के आणि त्यावरचा २५ टक्के. पण ही सूट शाळेत विजेवरचं हीटिंग किंवा एअर कंडिशनिंग असेल तरच आहे, कारण तिकडे तेच भाराचं मुख्य ओझं असतं. आपल्याकडे घालून पाहू. तुमच्या दोन्ही इमारती मिळून साधारण ६०० चौरस मीटर. १८.३ किलोवॅट म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरनं (किलोवॅट भागिले केव्हीए) २०.३ केव्हीए. भागाकार येतो चौरस मीटरला ३४. म्हणजे पहिल्या ३३ मध्येच जवळजवळ सगळं बसलं. सूट मिळते फक्त उरलेल्या एकावर, आणि २०.३ चे होतात २०.२. सॉकेट वगळून मोजलं तर २३ येतात, तेव्हा सूट शून्य.

म्हणून तो तक्ता तुमच्या शाळेला चुकीचा ठरत नाही, फक्त त्याचा उपयोग होत नाही. तो दाट भाराच्या इमारतींसाठी आहे, आपल्या शाळांचा भार विरळ आहे. त्यातली आणखी एक ओळ भाच्याला वाचायला सांगा, कारण ती आपल्याला लागू पडते. त्या पद्धतीनं इमारतीचा एकूण भार काढला तरी इमारतीच्या आतले फीडर (भागाभागाला जाणाऱ्या मुख्य केबल) वेगळ्या, नेहमीच्या पद्धतीनंच काढावे लागतात. शाळेच्या एकूण जोडणीवरची सूट आतल्या एकेका केबलला आपोआप मिळत नाही. तिकडच्या लोकांनीही हा फरक मुद्दाम लिहून ठेवलाय. मात्र त्यांचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी वेगळी, त्यामुळे तिथले अँपिअर आणि वायरचे आकडे इकडे उचलू नका.

मग आपल्याकडे सूट कशावरून धरायची? माझ्या अनुभवात शाळेचं वेळापत्रक हाच सगळ्यात खरा तक्ता. शाळेत काय कधी चालतं हे घड्याळावर लिहिलेलं असतं, ही सोय ना घरात ना दुकानात. मुख्याध्यापकांसोबत बसायचं आणि तासातासानं विचारायचं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मे महिन्यात बंद असतात, म्हणून ऐन उन्हाचा भार शाळेवर येतच नाही. भाराचा दिवस असतो मार्च-एप्रिलचा, सकाळची शाळा, दहा-साडेदहाची वेळ. ऊन चढलेलं, पंखे सगळे चालू, नव्या वर्गांत कुलर, लॅबमध्ये मुलं आणि एसी. तुमच्या शाळेसाठी तो क्षण असा: लॅब ४.१५, नवे वर्ग २, जुने वर्ग १.५, ऑफिस ०.३५, पाण्याचा कुलर ०.६. बेरीज ८.६. त्याच वेळी कोणी टाकी भरायला मोटर लावली तर १०.८. खिचडीचं वाटण त्याआधी उरकतं, प्रिंटर क्षणभर चालतो. बाहेरचे दिवे बंद. सॉकेटपैकी एखाद्यावर माईकचा सेट.

इथं एक दिवस मी मुद्दाम वेगळा तपासतो, तो मतदानाचा. २०२४ ची लोकसभा यवतमाळ-वाशिममध्ये २६ एप्रिलला होती. शाळेत केंद्र असलं की पथक आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येतं, भाड्याचे कुलर लागतात, मंडपात दिवे, कोणीतरी चहाची इलेक्ट्रिक किटली आणतं. पण त्या दिवशी लॅब आणि एसी बंद असतात. ४.१५ गेले आणि त्या जागी तीन-साडेतीन आले. कमाल आकडा ओलांडत नाही, मात्र तो भार जुन्या इमारतीच्या एका-दोन खोल्यांत एकवटतो. म्हणून त्या खोल्यांना एक तरी १६ अँपिअरचं सॉकेट स्वतंत्र सर्किटवर ठेवा. ट्यूब-पंख्याच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार घ्यायचा नसतो, त्याच्यावर किटली लावली तर वायर तापणारच.

तर कमाल मागणी, म्हणजे एका वेळी चालणारा जास्तीत जास्त भार, ११ किलोवॅट. दोन-चार वर्षांत आणखी एखादं पॅनल, आणखी पाच कॉम्प्युटर येतील म्हणून पाव भाग वाढवा, १४ होतात. मी अर्जात १५ किलोवॅट, थ्री फेज लिहीन. ३० लिहिण्यानं ‘सेफ’ होतं असं अनेकांना वाटतं, पण त्याचा भुर्दंड दर महिन्याला बसतो. शाळा सार्वजनिक सेवेच्या गटात येते आणि आजवरच्या दरपत्रकांत २० किलोवॅटच्या वर गेलं की स्थिर आकार मागणीच्या केव्हीएवर लागत आलाय. बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या, पॅनलवर धूळ साचलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. शाळेच्या अनुदानातून बिल भरताना तुमच्यासारख्यांची किती ओढाताण होते ते ठाऊक आहे, म्हणून या एका आकड्यावर एवढा वेळ घालवतोय.

१५ किलोवॅटला ४०० व्होल्टवर, ०.९ पॉवर फॅक्टरनं, फेजमागे २४ अँपिअर येतात, पण भार तिन्ही फेजवर सारखा वाटला तरच. तुमच्याकडे सगळं सामान सिंगल फेजचं आहे, म्हणून वाटणी कागदावर आधी करा. मी अशी करीन: पहिल्या फेजवर लॅबचे कॉम्प्युटर, युपीएस, दिवे आणि जुन्या दोन खोल्या, ३.०५ किलोवॅट. दुसऱ्यावर एसी आणि नवे तीन वर्ग, ३.७. तिसऱ्यावर मोटर, जुन्या तीन खोल्या, ऑफिस आणि पाण्याचा कुलर, ४.१. सगळ्यात जड फेजला वीस अँपिअर. मोटर सुरू होताना काही सेकंद कितीतरी पट करंट ओढते, म्हणून ती कॉम्प्युटरच्या फेजवर कधीच नको. शक्य असेल तर मोटरला टायमर लावून सकाळी सहाला टाकी भरून घ्या. ११ चे तिथंच पावणेनऊ होतात. एवढ्या कमी पैशात मागणी उतरवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आता दुसरा प्रश्न, नव्या इमारतीची केबल. आख्ख्या शाळेत जोडलेले १८ आणि एका वेळी ११, म्हणजे साठ टक्के. हाच साठ टक्क्यांचा गुणक नव्या इमारतीच्या ६.१ ला लावला तर ३.७ येतात आणि केबल बारीक निवडली जाते. पण साडेदहा वाजता त्या इमारतीत काय बंद आहे? काहीच नाही. लॅब, एसी, पॅनल, कुलर सगळं एकदमच चालतं. सूट मिळते ती दोन इमारतींच्या वेगवेगळ्या वेळांमुळे, मोटरमुळे, रिकाम्या सॉकेटमुळे. एका फीडरवर जितकं कमी आणि जितकं एकसारखं सामान, तितकी सूट कमी. म्हणून नव्या इमारतीचा भार पूर्ण धरा, वर एका १६ अँपिअरच्या सॉकेटची जागा ठेवा. फेजला २५ अँपिअर धरून पुढे चला.

२५ अँपिअर १० स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम केबलही सहज पेलते. इथेच मी एकदा चुकलो होतो. एका आश्रमशाळेत मागची इमारत ११० मीटरवर होती. मी करंट पाहिला, सिंगल फेज १० ची केबल टाकली आणि मोकळा झालो. पहिल्या उन्हाळ्यात फोन आला, एसी लागला की सगळे युपीएस बॅटरीवर जाऊन टूं-टूं करतात. जाऊन मोजलं तर मीटरवर २१५ व्होल्ट, लॅबमध्ये १९५. वीस व्होल्ट केबलमध्येच गेले होते. तापलेल्या १० च्या ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ३.७ ओहम धरा. जाऊन-येऊन दुप्पट अंतर, पंचवीस अँपिअर, गुणाकार केला की वीस व्होल्ट बरोबर येतात. तो गुणाकार मी आधी करायला हवा होता. केबल माझ्या खर्चानं बदलून दिली आणि त्यानंतर अंतर विचारल्याशिवाय केबलचा आकडा कोणालाच सांगितला नाही.

तुमच्या ८० मीटरला १६ स्क्वेअर एमएम, चार कोअर, ॲल्युमिनियम आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल घ्या. तिचा तापलेला रोध किलोमीटरला २.३ ओहम. तिन्ही फेजवर २५ अँपिअर असले तर ८ व्होल्ट पडतात, ४०० वर २ टक्के. एकाच फेजवर सगळा भार आला, असं वाईटात वाईट धरलं तरी ९ व्होल्ट, २३० वर ४ टक्के. हेच १० च्या केबलला सव्वातीन आणि साडेसहा टक्के होतं. गावात संध्याकाळी किंवा हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत मुळातच व्होल्टेज खाली असतं, त्यात आपल्या केबलनं आणखी पंधरा व्होल्ट खाणं परवडत नाही. न्यूट्रल कोअर (करंट परत नेणारी तार) पूर्ण जाडीचाच हवा. कॉम्प्युटर आणि एलईडीचा करंट सरळ लहरीचा नसतो, त्यातला काही भाग तिन्ही फेजकडून न्यूट्रलमध्ये एकत्र येतो आणि एकमेकांना खोडत नाही. केबल ७५ सेंटिमीटर खोल पुरा, वरून वीट आणि वाळू. मुलं त्याच मैदानावर खेळणार आहेत.

उन्हाचं एक. केबल आणि वायरचे तक्ते आपल्याकडे ४० अंश हवेसाठी असतात. टिनाच्या छताखाली एप्रिलच्या दुपारी ५० अंश सहज होतात, तिथं साध्या पीव्हीसी वायरची क्षमता ८२ टक्क्यांवर येते. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) तर ३० अंशाला तपासून बनवतात, म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावलेला डीबी (एमसीबीचा बोर्ड) भार कमी असतानाही ट्रिप होतो. लोक मग मोठा एमसीबी बसवतात आणि वायर जळते. डीबी आतल्या, सावलीच्या भिंतीला घ्या.

थ्री फेज घेताना न्यूट्रल तुटण्याची भीती खरी आहे. पोलवर न्यूट्रल सुटला तर एखाद्या खोलीतल्या सामानावर २३० च्या ठिकाणी चारशेपर्यंत व्होल्टेज जाऊ शकतं आणि पॅनल एका क्षणात जातात. मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेजवर लाईन तोडणारं उपकरण लावायचंच. मुलं हात लावतात त्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवा. आर्थिंग दोन्ही इमारतींना वेगळं, एकमेकांशी जोडलेलं. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तोवर आर्थिंग छान मोजतं, मार्चनंतर तिला भेगा पडतात आणि तेच आर्थिंग निकामी होतं. मोजणी उन्हाळ्यात करा आणि खड्ड्यात पाणी ओतायचं काम शाळेच्या वेळापत्रकात लिहून ठेवा.

सोलरबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची सौर वीज लाईनला देऊन बिलातून वजा करायची सोय) सोलर पॅनलची क्षमता मंजूर भाराच्या आतच राहावी लागते, १५ किलोवॅटमध्ये तुमच्या शाळेला हवं तेवढं बसतं. त्यासाठी भार वाढवून मागू नका.

आता लगेच करायचं काम एकच. अर्जाआधी तीन दिवस, सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला, मीटरपाशी व्होल्टेज मोजून वहीत लिहा. वायरमन नसेल तर विज्ञानाच्या शिक्षकांकडे मल्टिमीटर असेल, पण मोजताना मेन बोर्ड उघडू नका, सॉकेटवरच मोजा. एखादा आकडा २०० च्या खाली आला तर अर्जासोबत तो लेखी द्या आणि सबडिव्हिजनला डीपीवरचा भार तपासायला सांगा. ते आकडे इथं टाका, केबल १६ ची ठेवायची की २५ ची करायची ते मी त्यावरून सांगतो.